माझ्या नावाने लिहा

फोरमन चिडले की छापखान्यातली यंत्रंसुद्धा दबकून चालतात, असं कामगार गमतीने म्हणायचे. त्या दिवशी मात्र कुणाला गंमत सुचत नव्हती. औषधाच्या खोक्यांची अख्खी खेप रद्दीत गेली होती. गोळी दिवसातून दोनदा नाही, एकदाच घ्यायची, असा बदल कंपनीने मेलवर कळवला होता आणि खोकी छापली गेली जुन्याच मजकुराची. नशीब, बाजारात जायच्या आत कुणाच्या तरी लक्षात आलं.

"मला मेल आलाच नाही!" मालकांच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटून फोरमन म्हणाले. "महिनाभर कामाचा एक मेल धड येत नाहीये. बाकी सगळ्यांना येतात, मग मलाच का नाही? ती नवी पोरगी ठेवलीय ना कॉम्प्युटर सांभाळायला, तिला विचारा जाब!"

मालकांनी जाबबिब काही विचारला नाही. इतकी वर्षं ज्याच्या शब्दावर छापखाना चालला, त्याचा शब्द त्यांना पुरे होता. पोरीची नोकरी अजून पक्की झाली नव्हती. उद्यापासून येऊ नकोस, असं तिला दुपारीच सांगून टाकलं.

तरी संध्याकाळी ती फोरमनच्या टेबलाशी आली. डोळे लाल होते, पण आवाज नीट होता.

"काका, जायच्या आधी तुमचा मेल एकदा बघते. नाहीतर पुढेही त्रास होईल तुम्हाला."

"बघ बाई. आता बघून काय उपयोग?" फोरमन खुर्ची सरकवून फुगून बसले.

तिने फोरमनच्या नावाने एक मेल पाठवला. आला. मग सगळ्या खात्याला मिळून जो एक पत्ता होता, त्या पत्त्यावर एक पाठवला. आजूबाजूचे सगळे कॉम्प्युटर टिंग टिंग वाजले, यांचा गप्प. "म्हणजे येतोय," ती स्वतःशीच पुटपुटली, "आणि आल्या आल्या कुठेतरी जातोय." तिने सेटिंग उघडली. तिथे एकच ओळ होती. ज्या मेलवर वरच्या ओळीत माझं नाव नसेल, तो सरळ कचऱ्यात टाकावा.

"काका, हे कुणी केलं?"

फोरमननी ती ओळ वाचली आणि त्यांना सगळं आठवलं. कुणी म्हणजे काय!

पूर्वी प्रत्येक कामाचा मेल त्यांच्याच नावाने यायचा. मग नवा मॅनेजर आला, जावयाच्या वयाचा, आणि मेल त्याच्या नावाने सुरू झाले. फोरमनचं नाव घसरलं खालच्या ओळीत, नुसतं माहितीसाठी. म्हणजे जेवायला आलात तर या, नाही आलात तरी आमचं अडत नाही, असलं आमंत्रण! फोरमनच्या अंगाचा तिळपापड झाला. एका रविवारी त्यांनी जावयाला शेजारी बसवून ही युक्ती शिकून घेतली. जावयाला बिचाऱ्याला वाटलं, सासऱ्यांना जाहिरातींचा वैताग आलाय. ज्याला माझी गरज असेल तो माझ्या नावाने लिहील, असं म्हणून फोरमननी ते करून टाकलं आणि रागाबरोबर विसरूनही गेले. पुढे मॅनेजरने सगळ्या खात्याला मिळून एकच पत्ता केला. त्या पत्त्यावर कुणाचंच नाव नव्हतं, त्यामुळे कामाचा प्रत्येक मेल कचऱ्यात जायला लागला.

"पुस ते," फोरमन हळूच म्हणाले. "कुणी यायच्या आत पुसून टाक."

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुसलं. कचऱ्यातले मेलही जागच्या जागी लावून दिले. "झालं काका. आता येतील," एवढंच म्हणाली आणि आपली पिशवी भरायला गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. फोरमनना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते उठून केबिनमध्ये गेले. "मालक, पोरीची काही चूक नाही. माझीच आहे," म्हणत सगळं सांगितलं.

मालक हसले. "अहो, तुम्हाला साधा कॉम्प्युटर चालू करायला माणूस लागतो! पोरीची दया आली ना? मोठं मन आहे तुमचं, फोरमन. पण दयेवर छापखाना चालत नाही."

मला त्यातलं काही कळत नाही, हे तर फोरमनच वर्षानुवर्षं तोऱ्यात सांगत आले होते. आणि पुरावा त्यांनीच पुसायला लावला होता. आपण सांगितलं, मालकांना पटत नाही, आता आपण काय करणार? खोटं कशाला बोला, क्षणभर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. मग त्या वाटण्याचीच इतकी लाज वाटली की कान तापले.

"बाहेर या, मालक," ते म्हणाले.

बाहेर लोक घरी निघायच्या तयारीत होते. मॅनेजरही होता. फोरमननी चष्मा लावला, माउस स्वतः हातात घेतला, सेटिंग उघडली. एका बोटाने, पण कुठेही न अडखळता, ती ओळ पुन्हा लिहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. माना वळल्या. कुणी हसलं नाही.

"पोरी, खात्याच्या पत्त्यावर एक मेल टाक."

खांद्यावरची पिशवी खाली ठेवून तिने टाकला. एकामागून एक सगळे कॉम्प्युटर वाजले. फोरमनचा वाजला नाही.

मालकांनी वाकून पडद्यावरची ती ओळ स्वतः वाचली. "तू उद्या ये गं," ते पोरीला म्हणाले. मग फोरमनकडे वळले. "तुम्हाला येत होतं हे?"

"येत होतं."

"मग असं का केलंत?"

मॅनेजर खाली मान घालून उभा होता. नाही सांगितलं तरी चालेल, असंच त्याला म्हणायचं असावं. फोरमननी त्याच्याकडेच बघत सांगितलं.

"ह्याच्या खाली माझं नाव बघवत नव्हतं."