पाण्याची चकती

विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजी शिकवायची रत्नप्रभानं आणि मुलांनी गुण गायचे ते संशोधन संस्थेचे, हे तिला आठ वर्षं सलत होतं. विभागात सूक्ष्मदर्शक दोन, त्यातला एक कायम आजारी. म्हणून एम.एस्सी.ची मुलं शेवटचे सहा महिने संस्थेत जायची, तिथल्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रकल्प करायची. प्रबंधावर सही मात्र विभागातल्या गाइडचीही लागे. तेवढाच काय तो रत्नप्रभाचा मान.

यंदा मीना गेली, आणि तीही नेमकी कल्पनाकडे. कल्पना म्हणजे रत्नप्रभाची वर्गमैत्रीण. आता अरेरा कॉलनीसारख्या श्रीमंत वस्तीत बंगला आणि संस्थेत स्वतःची एसी प्रयोगशाळा. मीना मात्र पिपलानीची, रत्नप्रभा राहायची त्याच कारखान्याच्या टाउनशिपमधल्या एका टेक्निशियनची मुलगी. अकरावीपासून रत्नप्रभानं तिला क्वार्टरच्या स्वयंपाकघरात बसवून शिकवलं होतं. तीच पोर आता घरी यायची ती, "मॅडम, कल्पना मॅडमकडे ना, एकदम बढिया मशीन आहे," असं सांगायला.

"अगं, पोरगी शिकतेय. तुझं काय जातंय?" विलासनं, तिच्या नवऱ्यानं, एकदा विचारलं. त्या दिवशी त्याला आमटी अळणी मिळाली.

एप्रिलमध्ये प्रबंध सहीला आला. आभारांच्या पानावर आधी कल्पना, मग संस्था, मग रत्नप्रभा. तिचा तिळपापड झाला. चार दिवस ती एकेक पान चूक शोधत वाचत होती, आणि एकोणचाळिसाव्या पानावर ती सापडली. मीनानं पानांचा अर्क अल्कोहोलमध्ये काढून त्यात कागदाची चकती बुडवली होती आणि ती जंतूंवर ठेवली होती. भोवतीचे जंतू मेले. पण तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल म्हणून, शेजारी ठेवलेली चकती होती साध्या पाण्याची! तीही अल्कोहोलची हवी. नाहीतर जंतू पानांनी मारले की अल्कोहोलनं, हे कळणार कसं?

रत्नप्रभाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढी मोठी शास्त्रज्ञ, आणि तिला हे दिसलं नाही? मीनाला बोलावून दुरुस्ती सांगता आली असती. आठवड्याभराचं तर काम. पण तिनं मुकाट सही केली. ही चूक तिला तोंडी परीक्षेत, कल्पनाच्या देखत काढायची होती. मीनाचे गुण जातील, संस्थेत पीएच.डी.ची जागा त्या गुणांवर मिळते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जाईना का जागा, असंही एकदा मनात येऊन गेलं.

परीक्षक जबलपूरहून आले होते. रत्नप्रभानं गोड आवाजात विचारलं, "मीना, ही पाण्याची चकती कशासाठी?"

मीना गोंधळून तिच्याकडे बघतच राहिली. परीक्षकांनी पान उघडलं. "अरे, ये कंट्रोल तो गलत है. पूरा रिजल्ट शक में आ गया. किसने सिखाया?"

मीनानं मान खाली घातली. "गलती मेरी है, सर."

"तिची नाही," कल्पना रत्नप्रभाकडे बघून म्हणाली. "मी दोनदा सांगितलं, अल्कोहोल घे. ऐकेचना. म्हणे, रत्नप्रभा मॅडमनी पाणीच शिकवलंय, त्यांचं चुकेल कसं? शेवटी मला वाटलं, गाइड तू आहेस, सही करताना बघशील."

विभागातलं अल्कोहोल कायम कुलपात असे. 'तुलनेला पाणी चालेल' असं शिकवायला लागली त्या पहिल्या वर्षी रत्नप्रभानंच सांगितलं होतं, आणि पुढे तिच्या लक्षातही न राहता दर वर्षी तेच चालत आलं होतं.

"मैंने सिखाया," ती कशीबशी म्हणाली.

परीक्षकांनी मान हलवली आणि मीनाच्या नावापुढे बावन्न लिहिले. संस्थेला साठ लागत.

बाहेर मीना तिची वाट बघत उभी होती. "मॅडम, पिपलानीची बस पाच मिनिटांत आहे. सोबतच जाऊ ना?"

पोर तिचीच होती. कल्पनाकडे ती मनानं कधी गेलीच नव्हती, आणि आता जाणारही नव्हती.