मिगसर बदी अष्टमी

शालिकरामचा मला हेवा वाटत होता. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी मला साळसूद समजायला नको. त्याचं नाव कोणी चांगल्या तोंडानं घेतलं की माझ्या पोटात दुखायचं.

आम्ही दोघं अकोल्याचे. मी चिंतामण जोशी, जठारपेठेतला. वडील मारवाड्यांच्या घरी पूजा सांगत. तो माळ्याचा, त्याची आई पार्बताबाई बाजारात भाजी विकायची. मॅट्रिकला मी पहिला, तो तिसरा. इंटरला मी पहिला, तो दुसरा. बी.ए.ला अर्थशास्त्रात तो पहिला आला आणि मग मेल्यानं तो नंबर सोडलाच नाही. त्याचं इंग्रजी सुधारलं कोणी? मी. रोज संध्याकाळी घासून घासून सुधारलं. हे कोणी विचारत नाही.

सन तेहतीसमध्ये आम्ही दोघंही एम.ए. होऊन अमरावतीच्या एकाच शाळेत मास्तरकी करत होतो. त्या साली भगवंतराव वकिलांच्या ट्रस्टनं शिष्यवृत्ती काढली. दोन वर्षं लंडन, अर्थशास्त्राचं संशोधन. जागा एक. गाळून गाळून उमेदवार उरले आम्ही दोघं. भर सभेत दोघांनी आपापला निबंध वाचायचा, लोकांनी प्रश्न विचारायचे, आणि भगवंतरावांनी तिथंच निकाल सांगायचा असं ठरलं. मला ते लंडन हवं होतं. नाहीतर जन्मभर आठवीच्या पोरांना भूगोल शिकवत बसायचं होतं.

माझा निबंध चलनाच्या सिद्धांतांवर. नऊ इंग्रजी ग्रंथ वाचून लिहिलेला, भारदस्त. शालिकरामनं काय घ्यावं? एकोणतीसच्या हंगामात अकोल्याचा कापूस धाडकन कोसळला, तो का कोसळला एवढंच. तेव्हा वर्तमानपत्रांत सगळे त्यावरच घसा फोडत होते. एक म्हणे, जगातच मंदी आली, इथलं सरकार काय करणार? दुसरा म्हणे, छे, रुपया अठरा पेन्सांवर टिकवायच्या हट्टापायी सरकारनं बाजारातला पैसा आखडून घेतला, त्यानं कापूस मेला. शालिकरामनं घसा फोडला नाही. तो अकोल्याच्या मारवाडी अडत्यांकडं गेला आणि त्यांना मुंबईहून आलेली जुनी पत्रं मागून आणली. पैसा कोणत्या दिवशी आटला, हुंडी कोणत्या दिवशी कोणी घेईना, सगळं त्यांत तिथीवार लिहिलेलं. शेजारी त्यानं कापूस बाजारातले रोजचे भाव मांडले. आधी काय घडलं, पैसा आटला की भाव पडला? बस, एवढाच प्रश्न.

इतकं साधं! मला का सुचलं नाही म्हणून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ज्या पेढ्यांवर ती पत्रं पडली होती तिथं माझे वडील तीस वर्षं लक्ष्मीपूजन सांगत आले. त्याच गाद्यांवर बसून मी लहानपणी बर्फी खाल्ली होती. आणि पत्रं नेली कोणी, तर यानं!

सभेच्या पंधरा दिवस आधी, रविवारी सकाळी, शालिकराम बाड घेऊन माझ्या घरी आला.

"चिंतामण, हे वाच अन् चुका काढ. तुह्यासारखा चुका काढणारा अख्ख्या वऱ्हाडात नाही."

"अरे, मी तुझ्याविरुद्ध उभा आहे!"

"मंग काय झालं? मले चुकीचं वाचून जिंकाचं नाही."

माझी बायको सिंधू चहा घेऊन आली होती. तो गेल्यावर म्हणाली, "किती सरळ माणूस आहे हो!" मी तिला काहीतरी तिरसट बोललो.

दुपारभर मी वाचत बसलो. चांगलं होतं, काय सांगू! एकेक पान उलटताना जीव जळत होता. निष्कर्ष असा होता की भाव पडला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि पैसा आटला त्यानंतर, चोवीस डिसेंबरला. म्हणजे मंदी बाहेरून आली, तिला पाहून पैसा घाबरला, सरकारकडं फारसा दोष जात नाही. मग मी बाडाला जोडलेलं ते चोवीस डिसेंबरचं मूळ पत्र पाहिलं. त्याच्या माथ्यावर तिथी होती, मिगसर बदी अष्टमी.

मी ताडकन उठलो. मिगसर म्हणजे मार्गशीर्ष, बदी म्हणजे वद्य पक्ष. शालिकरामनं घरचं पंचांग काढून मार्गशीर्ष वद्य अष्टमी शोधली होती आणि तारीख टाकली होती. पण आपला महिना अमावास्येला संपतो, मारवाड्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोघांचा एकच. वद्य पक्ष मात्र ते पुढच्या महिन्याच्या नावावर घालतात. आपली कार्तिक वद्य अष्टमी, तीच त्यांची मिगसर बदी अष्टमी. हे भटाच्या पोराला ठाऊक असतं, माळ्याच्या पोराला कुठून असणार? वद्य पक्षातलं त्याचं एकूण एक पत्र महिनाभर पुढं सरकलं होतं.

एका वाक्याचं काम होतं. 'शालिकराम, तारखा चुकल्या बघ.' त्यासाठीच तर त्यानं बाड दिलं होतं. मी पेन्सिल हातात घेतली आणि खाली ठेवली. गडी भर सभेत उताणा पडेल, या विचारानं मला इतका आनंद झाला की मी सिंधूला हाक मारून पुन्हा चहा मागितला.

चार दिवसांनी बाड परत केलं.

"काहीच नाही सापडलं?" त्यानं विचारलं.

"दोनचार शब्द बदललेत. बाकी झकास."

"मंग माहा जीव भांड्यात पडला," तो म्हणाला आणि माझा हात धरून हसला.

सभेच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. माझा निबंध आधी झाला. टाळ्या पडल्या, पण जांभया मी मोजू शकत होतो. भगवंतराव खिशातलं घड्याळ पाहत होते. मग शालिकराम उठला. पहिल्या रांगेच्या टोकाला पार्बताबाई बसली होती. सकाळच्या गाडीनं अकोल्याहून आली होती, धुवट लुगडं नेसून. एक अक्षर कळत नव्हतं तिला, पण पोराच्या तोंडावरून नजर हलत नव्हती. तो वाचत होता आणि लोक पुढं सरकून ऐकत होते. लंडन माझ्या हातातून चाललेलं मला दिसत होतं.

त्याचं संपल्याबरोबर मी उभा राहिलो.

"निबंधकारांना एक विचारायचं आहे. मारवाड्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, हे त्यांना माहीत आहे का? त्यांनी चोवीस डिसेंबर म्हणून दिलेलं पत्र चोवीस नोव्हेंबरचं आहे. ज्याला मिती वाचता येत नाही, त्याच्या निष्कर्षावर आपण काय म्हणून विश्वास ठेवावा?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. शालिकरामचा चेहरा पांढरा पडला. तो खाली पाहून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत कागद उलटत राहिला. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

मग त्यानं टेबलावर थाप मारली.

"अबे, बह्याड आहो मी!"

सगळे हसले, तोही हसला.

"नोव्हेंबर! म्हंजे पैसा आधी आटला. भाव मंग पडला!" त्यानं शेवटची दोन पानं बाजूला सारली आणि तोंडीच बोलायला लागला. तीन पत्रांचा काही केल्या मेळ बसत नव्हता म्हणून त्यानं ती तळटिपेत टाकली होती. तिन्ही वद्य पक्षातली निघाली, आणि महिनाभर मागं नेताच खटाखट जागेवर बसली. मंदी जगातून आली हे खरं, पण अकोल्याच्या बाजारात कापूस पडला तो पैसा आखडल्यावर. सरकारनं रुपया धरून ठेवला आणि त्याची किंमत इथल्या बाजारानं भरली. जे लोक चार वर्षं ओरडून सांगत होते, ते त्यानं पाच मिनिटांत दाखवलं. भगवंतराव उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

आणि मी? मीही अर्थशास्त्राचा एम.ए. ती चूक माझ्या हातात पंधरा दिवस होती. ती दुरुस्त केली तर पुढं काय निघतं, हे एकदा कागदावर मांडून पाहायचं मला सुचलंसुद्धा नाही. त्याचं तोंड काळं करायला ती पुरेशी आहे, एवढंच पाहून मी खूश होतो.

"हे चिंतामण जोशींमुळे झालं," शालिकराम सभेला सांगत होता. "छापतानी त्यायचं नाव पहिल्या पानावर राहीन."

निकाल काय लागला ते सांगायला नको.

बाहेर पोर्चमध्ये लोक माझीही पाठ थोपटत होते. पार्बताबाई गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले.

"बाबू, तू उभा राह्यला न, तवा माह्या काळजात धस्स झालं. मले वाटलं, हा माह्या लेकराचं वाईट कराले उठला. वंगाळ मन आहे पाय माहं. तुह्या मनात काय अन् मी काय इचार करून राहिली! माफ कर बाप्पा म्हातारीले."

तिचे डोळे भरले होते. मला ते सहन होईना.

"मावशी, तुम्ही बरोबर ओळखलं," मी म्हणालो. "मी त्याचं वाईट करायलाच उठलो होतो."

"चाल! काहीबी बोलते!" ती खळखळून हसली. "आयकलं का रे शालिक, काय म्हनून राहिला हा?"

शालिकराम हसला नाही. तो माझ्याकडं पाहत होता.

"बाड वाचलं, तवाच दिसलं होतं तुले?"

मी मान खाली घातली.

त्यानं वळून टांगा बोलावला, आईला हात देऊन चढवलं आणि स्वतः बसला.

"अरे, चिंतामणले घे न," पार्बताबाई सरकून जागा करत म्हणाली.

"त्याले काम आहे, माय," तो म्हणाला आणि टांगेवाल्याला चल म्हणून सांगितलं.