राखेचा मान

सोनूबाईनं तव्यावरची भाकरी परतली आणि अंगणातली बाबल्याची हाक ऐकून तिचा हात थांबला. तो तिचा चुलतदीर, वीज प्रकल्पावर मजुरांचा मुकादम. तो सकाळी दारात आला म्हणजे बॉयलरखालच्या राखेच्या कोठीत काहीतरी अडकलेलं असणार.

“वयनी, पोराला धाड, रितेशला. कोठीत राखेनं गठ्ठा धरलाय.”

गेल्या पावसाळ्यात याच कोठीत तिचा नवरा उतरला होता. वरचा तापलेला गठ्ठा सुटून त्याच्या अंगावर आला. दवाखान्यात तिनं त्याला ओळखलं ते पायाच्या अंगठ्यावरून.

प्रकल्पात सगळ्या जातींची माणसं राबत, पण कोठीत उतरायचं झालं की निरोप सोनूबाईच्या खालच्या वाडीलाच. ठेकेदार म्हणे, तुम्हाला सवय आहे. कसली, ते गावाला ठाऊक होतं. वाईट हे, की वाडीही तो निरोप मान समजून उराशी धरून बसली होती.

“रितेश फिटर हाय. तेनी कोठीत कशाला उतरायचा?”

“ता काम आपल्या वाडीचा हाय. आज नाय म्हटलास तर सगळ्यांचा काम जायल. मग वाडी तुमच्या घराला वाळीत टाकील.”

शेजारच्या दारांत बायका उभ्या राहिल्या. रितेशनं हेल्मेट उचललं, पण आईकडे बघितलं नाही. तोही भ्यालेला होता.

सोनूबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

“भावजी, सासऱ्यांनी मेलेली ढोरा वडायची सोडली, तवा गावान हीच भीती घातलीन. वाडी उपाशी मेली काय? मना भ्या वाटता. पन माझा पोर कोठीत जायचा नाय. तुमचा पोर नितेश हाय ना, तेला धाडा.”

बाबल्या पायरीवर बसला. उठला तेव्हा दुसऱ्या कुणाच्या दारात गेला नाही.

रितेश फिटरच्या कामावर गेला. अपघाताचा भोंगा कधी वाजेल या धास्तीनं सोनूबाईनं दिवसभर घास खाल्ला नाही. संध्याकाळी तो परतला आणि सांगू लागला. कोठीत कुणीच उतरलं नव्हतं. शेडात ताडपत्रीखाली पडलेलं गठ्ठे फोडायचं यंत्र प्रकल्पाच्या साहेबांनी काढून लावलं आणि राख खाली आली.

“ता यंत्र कधी आनलानी?”

“बाबा होते तवाच,” रितेश म्हणाला. “कोठीत उतराया मानसा गावत होती. मग यंत्र कोन लावील?”

सोनूबाई भिंतीला टेकून खाली बसली. दिवसभराची भीती आता उतरेल असं तिला वाटलं होतं. ती उतरली नाही. यंत्र झाकून ठेवून वाडीला निरोप धाडणाऱ्या त्या शिकल्यासवरल्या माणसांच्यात तिच्या पोराला उद्या पुन्हा कामाला जायचं होतं.