बोगद्याचं तोंड

आमच्या बागेतल्या उंदरावर फोल्कमारचा जितका जीव आहे तितका माझ्यावर कधी होता का, असा प्रश्न मला या वसंतात बरेचदा पडला. फोल्कमार म्हणजे माझा नवरा. आणि उंदीर म्हणजे घरातला नव्हे; आखूड शेपटीचा, जमिनीखाली राहून मुळं खाणारा. हिवाळ्यात बर्फाखाली बसून त्याने सफरचंदाच्या झाडाची मुळं अशी साफ केली, की मार्चमध्ये मी खोडाला नुसता हात लावला तर झाड काठीसारखं हातात आलं. ट्यूलिपचे कंद, गाजरं, सगळं त्याच्या घशात.

उपाय करायचे तेवढे करून झाले. लसूण पुरला, ताक ओतलं. माशांची डोकी पुरली, ती शेजारच्या त्सेलमरबाईंच्या मांजराने उकरून त्यांच्याच पायरीवर नेऊन ठेवली, आणि बाई आमच्याशी बोलेनाशा झाल्या. मग रिकाम्या बाटल्या मातीत रोवल्या. त्यांत वारा शिरला की शिटी वाजते आणि उंदीर पळतो म्हणे. उंदीर होता तिथेच राहिला, त्या शिटीने माझंच डोकं उठलं.

मला आता हे सगळं झेपत नव्हतं. बसने गावाबाहेरच्या या भाड्याच्या बागेत यायचं, पाण्याच्या झाऱ्या उचलायच्या, कुंपणाची झुडपं कापायची. ती नाही कापली तर बागा भाड्याने देणाऱ्या बाग-मंडळाचे अध्यक्ष पट्टी घेऊन उंची मोजायला हजर. फोल्कमारचे गुडघे गेलेले, म्हणून वाकायचं काम माझ्याकडे. माझ्या कमरेची चौकशी कुणी केली नाही. दूर एर्फुर्ट शहरात माझ्या बहिणीच्या, सिगलिंडच्या, इमारतीत तळमजल्यावरची जागा रिकामी झाली होती. मालकाला सोमवारी उत्तर हवं होतं. मी फोल्कमारला म्हटलं, हा उंदीर काही आपल्याला सुखाने जगू देत नाही, सोडून देऊ या बाग.

"उंदीर असलेली बाग मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही," तो म्हणाला. "उंदीर गेला की त्याच दिवशी मंडळाला किल्ली देतो."

मी तो शब्द पकडून ठेवला.

उंदीर गेला हे कसं ओळखायचं, ते आमच्या इथे शाळकरी पोरंही सांगतील. फावड्याने त्याच्या बोगद्याला तोंड पाडायचं आणि वाट बघायची. त्याला आत आलेला वारा सोसत नाही. तो असेल तर काही तासांत माती लोटून भोक बुजवतो. असेच बोगदे करणारा मखमली अंगाचा दुसराही एक प्राणी आहे. तो एवढी घाई करत नाही, आणि त्याला मारलं तर दंड होतो. म्हणून सापळा लावण्याआधी सगळेच ही परीक्षा घेतात.

शनिवारी आमच्या सापळ्यात एक लठ्ठ उंदीर सापडला. त्याचं आणखी कुणी गणगोत आत आहे का ते बघायला फोल्कमारने रविवारी सकाळी बोगदा उघडला. बटाटे उकडायला टाकून मी बघून आले, भोक उघडं. जेवायला बसण्याआधी बघितलं, तरी उघडं. मी मनातल्या मनात एर्फुर्टच्या खिडक्यांना पडदेही लावून टाकले.

जेवण झाल्यावर तो "जरा बघून येतो" म्हणत उठला. मी बागेतल्या खोपटात ताटल्या विसळत होते आणि खिडकीतून मला तो दिसत होता. तो भोकापाशी बराच वेळ उभा राहिला. मग फावड्याच्या दांड्याला धरून हळूहळू खाली बसला. एक तण उपटायला जे गुडघे कधी वाकले नाहीत, त्याच गुडघ्यांवर. त्याने हाताने माती भोकात लोटली आणि वरून थापटली. माझा असा संताप झाला की ताटली हातातून खाली ठेवावी लागली.

"आल्मुट," त्याने हाक मारली. "बघ, अजून आहे तो."

मी बाहेर गेले. मातीवर चार बोटं स्पष्ट उमटली होती. काय काय बोलायचं ते मी वाटेतच ठरवलं होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं. पण तो तसाच खाली बसला होता, त्याला उठता येत नव्हतं, आणि तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. त्याला बाग सोडायची नव्हती, आणि तेवढं सांगायलाही त्याला उंदीर लागत होता. मग माझ्या लक्षात आलं, की मी तरी काय वेगळं केलं? मीही सगळं उंदराच्याच नावावर खपवत आले होते. मला त्याचं वाईट वाटलं, आणि माझंही.

"उंदराचं राहू दे, फोल्कमार," मी म्हणाले. "मी दमलेय. तो असो नसो, मी दमलेय."

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तुझ्या गुडघ्यांच्या आधीपासून."

त्याने मान हलवली. मग त्याच बोटांनी त्याने माती बाजूला काढायला सुरुवात केली, ढेकूळ ढेकूळ करत, बोगद्याचं तोंड पुन्हा पुरतं दिसेपर्यंत.

"उघडंच होतं," तो म्हणाला.