कौल पडला, पण सापडेना

मी बोलतोय ते नैवेद्याच्या मेजाखालून, धुळीतून, भुईमुगाच्या टरफलांशेजारून. जरा हळूच बोलतो, कारण सध्या अख्खं गाव मला शोधतंय.

मी कौलाचा तुकडा. तायवानच्या किनाऱ्यावरच्या या कोळीगावात, सागरमाता माझूच्या देवळात माझा जन्म गेला. बांबूच्या एकाच गड्ड्यातून आम्ही दोघे जुळे भाऊ कोरले गेलो. चंद्रकोरीचा आकार, पोट सपाट, पाठ फुगीर. लोक देवीला प्रश्न विचारून आम्हाला जमिनीवर टाकतात. एकाचं पोट वर आणि दुसऱ्याची पाठ, म्हणजे देवी ‘हो’ म्हणाली. दोघांच्या पाठी वर, म्हणजे ‘नाही’. दोघांची पोटं वर आली की देवी हसली, प्रश्न नीट विचार म्हणते. माणसं मात्र वस्ताद. ‘नाही’ पडलं की म्हणतात हात ओला होता, आणि पुन्हा टाकतात.

खुनसेंग नाहीसा झाला आणि आम्हाला उसंत राहिली नाही. खुनसेंग म्हणजे ग्वेहाचा नवरा. चुलीवर मासे होते, आलं संपलं होतं. सपाता अडकवून आलं आणायला गेला तो गेलाच. त्याची स्कूटर स्टेशनबाहेर सापडली, किल्ली तशीच लावलेली. पोलिसांनी धक्का पालथा घातला, गोदामं उघडली, आणि शेवटी हात टेकले. मग गावाने तपास आमच्यावर सोपवला. मासळीवालीने विचारलं, कुणा बाईबरोबर पळाला का? आम्ही ‘हो’ पडलो. न्हाव्याने विचारलं, समुद्रात बुडाला का? तेही ‘हो’. खरं सांगू? आम्ही टाकलं की पडतो. तो कुठे गेला ते आम्हाला काय कपाळ माहीत!

यंदा पितरांच्या सणाआधी त्याचा थोरला भाऊ तेकलाँग ग्वेहाला देवळात घेऊन आला. घरच्या पितरांच्या पाटीवर खुनसेंगचं नाव लिहायचं त्याच्या मनात होतं.

“ग्वेहा, रोज त्याचा वाडगा मांडतेस आणि रोज उचलतेस. नाव लिहू, म्हणजे बिचाऱ्याला दोन घास तरी पोचतील.”

“आणि जिवंत असला तर, भावोजी? दारात येऊन म्हणेल, ही बघा माझी बायको, मला पितरांत बसवून मोकळी झाली.”

“मग देवीलाच विचारतो. तिचं तरी ऐकशील?”

“ऐकीन,” ती म्हणाली.

तेकलाँगने ‘नाव लिहू का’ म्हणत आम्हाला असं भिरकावलं, जसं काही जाळंच टाकतोय. भाऊ पाठ वर करून पडला. मी टप्पा खाल्ला, घरंगळलो आणि मेजाच्या झालरीखालून थेट आत.

मग जी शोधाशोध झाली, तेवढी खुनसेंगची झाली असती तर! तेकलाँग शपथेवर सांगत होता की मी दाराबाहेर उडालो, म्हणून सगळे अंगण उकरत बसले. पुजारी थिआमकाकांचं पोट त्यांना वाकू देईना. ते म्हणाले, “नवी जोडी आणू.”

“नको काका,” ग्वेहा म्हणाली. “देवीने उत्तर दिलंय. ते सापडू दे. तिचं बोलणं मधेच तोडू नये.”

तेकलाँग पुन्हा अंगण उकरायला गेला. देवीला मधे त्यानेच घातलं होतं.

काल दुपारी ग्वेहा एकटीच देऊळ झाडायला आली. झाडू माझ्यापर्यंत पोचला. तिने झालर उचलली, गुडघे टेकून वाकली आणि मला पाहिलं. माझं पोट वर होतं. स्पष्ट ‘हो’. तिचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, स्वतःहून कूस बदलता यायला हवी होती.

“सापडलं का गं काही?” काकांनी बाहेरून विचारलं.

“टरफलं आहेत नुसती,” ती म्हणाली, आणि झाडूच्या दांड्याने तिने मला पार भिंतीपर्यंत ढकललं.

जाताना काकांनी तिच्या पिशवीत डोकावून विचारलं, “एवढं आलं कशाला गं?”

“घरात भरपूर असलेलं बरं. तो आलाच तर पुन्हा आणायला जायला नको.”

तेव्हा कधी या देवळात आलात, तर उदबत्ती लावा, काकांचा चहा प्या, माझ्या एकट्या पडलेल्या भावाची विचारपूस करा. मेजाखाली मात्र वाकू नका.