चार श्वासांचं दुखणं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. खुर्चीशेजारच्या बुटक्या स्टुलावर माझा खोका उभा असतो आणि मला सुरू करायचं बटण थेट माझ्या डोक्यावर आहे. ज्यांनी मला घडवलं त्यांना घराघरांत कप ठेवायला जागा कमी पडते, हे बहुधा ठाऊक नसावं. नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! माझ्या मापाचं आवरण शिवलं होतं, हात धुतल्याशिवाय कुणी मला शिवत नसे. पुढे आवरण फाटलं आणि माझ्या डोक्यावर चष्मे, पावत्या, कप येऊन बसू लागले.

पण कामाला मी कधी मागे हटलो नाही. घरातली सूनबाई सहा वर्षांनी पुन्हा नोकरी शोधत होती. एका कचेरीने तिला परीक्षा म्हणून पाण्याच्या नळांचा नकाशा काढायला दिला. तीन आठवडे ती माझ्यापुढे ठाण मांडून बसली. नकाशा पुरा झाला. तो फक्त माझ्याच पोटात होता आणि दुसऱ्या दिवशी चारच्या आत पाठवायचा होता.

त्या सकाळी तिने बटण दाबलं. माझा पंखा फिरला, दिवा लागला आणि चार श्वास घेऊन मी बंद पडलो. पुन्हा दाबलं, पुन्हा चार श्वास. तिचा उतरलेला चेहरा पाहून माझा जीव कासावीस झाला. मला माझं दुखणं माहीत होतं, पण सांगायला तोंड नव्हतं.

तोंड असलेलं एक माणूस घरात होतं, तिचे सासरे. पण ते मूग गिळून येरझारा घालत होते.

दुरुस्तीवाला आला. त्याने वायर बदलली, रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, दुसरा पॉवर सप्लाय जोडून पाहिला. चारच श्वास! दोन वाजले तेव्हा त्याने हात टेकले.

"वहिनी, मदरबोर्ड गेलाय. डिस्क काढून दुकानात नेतो. उद्या फाइल देतो."

"उद्या घेऊन काय करू मी?" ती म्हणाली.

"त्याचं बटण बघ रे जरा," सासरे दारातून म्हणाले. "काल माझ्या हातून चहा सांडला होता."

दुरुस्तीवाल्याने बटण दाबलं. ते आतच रुतून बसलं आणि सावकाश वर आलं. बटण चार श्वास दाबलेलं राहिलं की मी बंद होतो, स्वभावच आहे माझा तो.

"नुसत्या चहानं एवढं चिकटत नाही, काका. साखर होती का?"

डॉक्टरांनी सासऱ्यांची साखर वर्षापूर्वीच बंद केली होती. ते खाली बघत म्हणाले, "दोन चमचे."

बटण काढलं, धुतलं, पुसून बसवलं. सूनबाईने श्वास रोखून ते दाबलं. चार झाले. पाच झाले. सहा! नकाशा चार वाजायला वीस मिनिटं असताना गेला.

"बाबा, सकाळीच का नाही बोललात?"

"माझ्यापायी तुझी नोकरी हुकेल, या भीतीनं जीभच उचलेना, पोरी."

"न बोलण्यानं हुकलीच असती की!"

मित्रांनो, माझ्या डोक्यावर कप ठेवू नका, हे तर सांगतोच. पण सांडलंच काही, तर नुसतं पुसून गप्प बसू नका. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.

कचेरीचं उत्तर अजून आलेलं नाही. सासऱ्यांचा बिनसाखरेचा कप आता खिडकीत असतो. सकाळी सूनबाईने मला सुरू केलं की ते तिथूनच हळूच पाचपर्यंत मोजतात. मीही मोजतो.