थरथर थांबली तेव्हा

मी रेकॉर्डप्लेअरचा दांडा बोलतोय. बोलतोय कसला! बोलते ती तबकडी. मी फक्त तिच्यावर सुई टेकवून धरतो.

पोकळ नळी हा माझा देह. त्यामुळे माझी खोड एकच: सुई हलली की मीही थरथरतो आणि आवाजात कर्कश गुणगुण मिसळते. गाण्यांत ती खपून जायची.

पण घड्याळजींच्या घरी एक तबकडी गाण्याची नव्हती. त्यांच्या बायकोने तान्ह्या लेकीसाठी बोलून ठेवलेली तीन मिनिटं होती ती. बायको लवकर गेली. लेकीजवळ आईचा आवाज तेवढाच, आणि त्यातले निम्मे शब्द मी बुडवायचो.

"बाबा, आई इथे काय म्हणते?"

"मलाही नीट आठवत नाही गं." हे सांगताना ते डोळ्यावरचं भिंग काढत नसत.

एका रविवारी त्यांनी चिमट्याने माझ्या नळीत कापूस ठासला, वरून रबराची पट्टी गुंडाळली.

"बाबा, हा पुढून जड झाला. मागचं तोलाचं वजन सरकवायला नको?"

"तीस वर्षं केसाएवढी चाकं बसवतोय मी. आता तू मला वजन शिकव, आजीबाई!"

ती हसली आणि तिने तबकडी लावली.

सुई टेकली. थरथर पार गेली होती. "मोठी झालीस की पायमोजे कुठेही टाकू नकोस हं. बाबांना काही सापडत नाही."

मुलगी हसता हसता रडली.

मग रोज तीच तबकडी. मी स्थिर होतो, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण माझा वाढलेला सगळा भार सुईवर होता. ती तबकडीची खाच खरवडत होती. टोकाशी काळी भुकटी जमायची. मुलगी ती फुंकर मारून उडवायची.

महिनाभरात 'पायमोजे' हा शब्द पुसट झाला. मग 'बाबा'. शेवटी नुसती खरखर उरली.

घड्याळजींनी भिंग लावून खाच पाहिली.

"तू म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"राहू दे, बाबा. मला पाठ आहे सगळं." आणि तिने म्हणून दाखवलं.

"ते 'हं' असं नव्हतं," ते हळूच म्हणाले.

"मग कसं होतं?"

त्यांनी ओठ हलवून पाहिले, मग माझ्यावर झाकण लावलं.

तेव्हापासून मी झाकणाखाली पडून आहे. कापूस तसाच, रबर तसंच. दांड्याची थरथर थांबवा, जरूर थांबवा. पण नंतर एकदा त्याला तोलून बघा. ते 'हं' कसं होतं, हे मला अजून आठवतं. पण मी बोलतो थोडाच?